ॲक्युपंक्चर : सुईचा उपयोग आणि सुईची हद्द

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या खोल काळ्या जमिनीत, परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ही ज्वारी वाढते. तिची भाकरी पुण्या-मुंबईचे लोकही कौतुकाने खातात. मात्र त्या भाकरीमागे किती कमरा दुखतात, हे मानांकनाच्या कागदावर लिहिलेले नसते. काढणीच्या दिवसांत बायका पहाटे घर सोडतात. दिवसभर वाकून ताटे उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायच्या. तिकडे सोलापूर शहरात विडी वळणाऱ्या आपल्या भगिनी मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसतात. बागवान, तांबोळी, मणेर, आतार, मुलाणी, कोणत्याही घरात जा. चाळिशी ओलांडलेल्या खाला, फुफी किंवा अम्मी यांच्यापैकी एकीची तरी कंबर, मान किंवा गुडघा दुखतोच. सजद्यातून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, मग एके दिवशी नमाज खुर्चीवर सुरू होते. घरातले सगळे म्हणतात, "वय झालं आता."

अशा दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचून करायचा इलाज, याचे नाव आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. मोठ्या शहरात त्याचे दवाखाने आहेत, लहान गावांत शिबिरे भरतात. काही पत्रकांवर कंबरदुखीपासून शुगर, बीपी आणि लकव्यापर्यंत सगळ्यांची यादी छापलेली असते. वाचक आम्हाला विचारतात, हे खरे किती? जावे की नाही? रोज्यात चालते का? या लेखात आम्ही त्याचीच उत्तरे देण्याचा प्रयत्न करत आहोत.

गोळीची सवय

आधी आज आपण काय करतो ते पाहू. दुखायला लागले की घरातले पोर मेडिकलच्या दुकानात पाठवायचे आणि "दुखायची गोळी" मागवायची. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या जातीच्या गोळ्या चार-दोन दिवसांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्या तर उपयोगी आहेत. त्याच गोळ्या महिनोन्‌महिने, तेही उपाशीपोटी घेतल्या तर जठरात जखमा होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. ज्यांना आधीच शुगर किंवा बीपी आहे त्यांना हा धोका अधिक. काही ठिकाणी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत तर स्टेरॉइड मिसळलेले असते. पुडी घेतली की दोन दिवसांत माणूस चालू लागतो म्हणून तिचे नाव होते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

गोळ्या कमी करून दुखणे कमी होईल असा एखादा मार्ग असेल, तर तो नीट समजून घ्यायलाच हवा. त्याच वेळी दुसरा धोकाही ओळखायला हवा. नव्या इलाजाच्या भरवशावर कुणी इन्शुलिन सोडले किंवा छातीतल्या कळेवर सुई टोचून घेतली, तर फायद्याऐवजी जीव जाईल.

सोलापूरचा डॉक्टर आणि चीनची सुई

ही विद्या चीनची. 'ह्वांगदी नेइजिंग' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात तिची मांडणी आहे. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण ती भारतात कशी आली, त्या गोष्टीचा एक धागा आपल्या सोलापूरला, म्हणजे मंगळवेढ्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर येऊन मिळतो.

१९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलेले असताना चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. बिजयकुमार बसू आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. आघाडीवर त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते चीनच्याच मातीत विसावले. त्यांची कहाणी भारतात घरोघरी नेली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. सोलापुरात भय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरात आज त्यांचे स्मारक आहे.

कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते. सुयांचा इलाज हे त्यांचे काम नव्हते. ती विद्या आणली त्यांच्या सोबत्याने. डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्यांनी या पद्धतीने उपचार सुरू केले. भारतात तिचा प्रसार तिथून झाला. आपल्या साथीदाराचे नाव त्यांनी या कामाशी जोडून ठेवले, म्हणूनच देशात काही ठिकाणी ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांना कोटणीसांचे नाव दिसते.

याहून जुना एक दुवा फार थोड्यांना माहीत आहे. इराणमधील तब्रीझ इथे वजीर आणि हकीम रशीदुद्दीन फजलुल्लाह यांनी चिनी वैद्यकाचे फार्सीत भाषांतर करवून घेतले. 'तन्सूकनामा' नावाच्या त्या ग्रंथाचे हस्तलिखित इ. स. १३१३ चे आहे. नाडी कशी पाहावी, शरीरातील अवयव कसे मांडलेले आहेत, याच्या चिनी आकृत्या त्यात काढलेल्या आहेत. ज्ञान कुठूनही आले तरी ते पारखून घ्यावे, ही आपल्या हकिमांची जुनी रीत आहे. आपणही तशीच पारख करू.

सुई काय करते?

चिनी वैद्यक मानते की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते. तिला अडथळा आला की आजार होतो, आणि मार्गावरच्या बिंदूंवर सुई टोचली की वाट मोकळी होते. असे बारा जोडमार्ग आणि दोन मधले मार्ग मानले जातात. त्यांवरचे ३६१ बिंदू जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित नामावलीत आहेत.

शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली असे मार्ग सापडलेले नाहीत. मग परिणाम कसा होतो? आजचे वैद्यक त्याचे उत्तर मज्जातंतूंत शोधते. सुईने स्नायूतले मज्जातंतू चेतवले जातात, तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, सोडते. १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत असे दिसले की एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध दिले तर सुईचा वेदनाशामक गुणही कमी होतो.

सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे मोठ्या केसासारखी. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. चांगला चिकित्सक आधी अर्धा तास विचारपूस करतो. झोप कशी आहे, भूक कशी, पाळी नियमित आहे का, काम बसून की वाकून, मनावर कसला ताण आहे. मग जीभ आणि नाडी पाहतो. पाच-दहा सुया टोचून वीस ते तीस मिनिटे निवांत पडून राहायला सांगतो. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. काही जण सुयांना अगदी हलका विद्युतप्रवाह जोडतात. काही जण 'मोक्सा' म्हणजे दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळून बिंदूला शेक देतात.

या पद्धतीला 'सर्वांगीण' म्हणतात ते याच विचारपुशीमुळे. गुडघा घेऊन आलेल्या बाईला इथे गुडघ्याबरोबर तिच्या झोपेचे आणि कामाचेही विचारले जाते.

अभ्यास काय सांगतो?

१९७१ साली अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनखाली झाले. नंतर पोटात वायू धरला तेव्हा सुया टोचून त्यांना आराम पडला. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिले आणि पाश्चात्त्य देशांत या विषयाची लाट आली. सुयांच्या भुलीखालीच ऑपरेशन झाले, अशी ती गोष्ट अनेकदा फुगवून सांगितली जाते. तसे नव्हते. लाट ओसरल्यावर मग शिस्तीने अभ्यास झाले.

सगळ्यात चांगला पुरावा डोकेदुखीचा आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१२ मध्ये, वारंवार होणाऱ्या ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा, असे सांगितले. अर्धशिशीत नेहमीची प्रतिबंधक औषधे चालली नाहीत किंवा सोसली नाहीत तर हाच मार्ग सुचवला. ऑपरेशननंतरची आणि कर्करोगाच्या औषधांमुळे होणारी मळमळ व उलटी यांतही उपयोग होतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९९७ मध्ये नोंदवले.

कंबर आणि गुडघ्याबाबत मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत. जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा जे बिनऔषधी उपाय करावेत, त्यांत अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ मध्ये ॲक्युपंक्चर घातले. 'नाइस'ने मात्र २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नये असे सांगितले.

दोन मोठ्या संस्था असे उलट का बोलतात? त्याचे कारण जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला चिनी पद्धतीने नेमक्या बिंदूंवर खोल सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून वरवर सुया, तिसऱ्याला औषधे, व्यायाम असा नेहमीचा इलाज. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना ठळक आराम होता. म्हणजे सुया घेतलेल्यांना नेहमीच्या इलाजापेक्षा बराच जास्त फायदा झाला, पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली की कुठेही, याने फारसा फरक पडला नाही. एक संस्था म्हणते, रुग्णाला आराम पडला ना, मग द्या. दुसरी म्हणते, बिंदूंचा दावा सिद्ध झाला नाही, मग सरकारी पैसा का घालायचा?

नंतर ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये निष्कर्ष काढला गेला. जुनाट वेदनेत ॲक्युपंक्चरचा फायदा खोट्या सुयांपेक्षा थोडा जास्त असतो, काहीच न करण्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि वर्षभरानंतरही त्यातला मोठा भाग टिकून राहतो, असे त्यात दिसले.

आम्हाला यातून घरच्या वापराचे दोन अर्थ दिसतात. पहिला, जुनाट दुखण्यात दुखायच्या गोळ्या कमी करण्यासाठी ही पद्धत आजमावून पाहण्यासारखी आहे, कारण नीट केली तर तिचे दुष्परिणाम थोडे आहेत. दुसरा, अर्धा तास कुणीतरी आपले ऐकतो आणि अर्धा तास आपण पडून राहतो, यानेही दुखणे उतरते. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

इथे सुई नको, दवाखाना गाठा

ॲक्युपंक्चरने मधुमेह बरा होत नाही. रक्तदाबाची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नये. थायरॉइड, टीबी, कर्करोग, मिरगी यांची औषधे तर मुळीच सोडू नयेत. सुया सुरू असताना साखर किंवा दाब खरोखर कमी झाला, तर गोळी कमी करायची की नाही हे ती गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळली तर ती लकव्याची सुरुवात आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी मालिशवाला, तेलवाला, सुईवाला यांच्याकडे गेलेला प्रत्येक तास मेंदूचा तुकडा घेऊन जातो. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे जाणारी कळ असेल तेव्हाही तेच. लकव्यानंतर महिन्याभराने फिजिओथेरपीच्या जोडीला सुया घ्यायच्या का, हा वेगळा प्रश्न आहे. तो तेव्हा डॉक्टरांना विचारावा.

कंबरदुखीतही काही खुणा धोक्याच्या असतात. सोबत बारीक ताप येतो, वजन घटते, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते, पायात जोर राहत नाही, लघवी-संडासवरचा ताबा जातो किंवा दुखणे पडल्यानंतर सुरू झालेले असते. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि त्याची सुरुवात साध्या कंबरदुखीसारखीच होते. म्हणून आधी निदान, मग सुई. मंगळवेढ्याचे ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय, सोलापूरचे सिव्हिल, जिथे जमेल तिथे एकदा नीट तपासणी करून घ्यावी.

वाचकांच्या मनातले प्रश्न

*हे हिजामाच आहे का?* नाही. हिजामात त्वचेवर पेला लावून, बारीक छेद देऊन रक्त काढतात. पैगंबर (स.) यांनी हिजामाची शिफारस केल्याचे हदीसमध्ये आले आहे आणि आपल्याकडे ते सुन्नत म्हणून केले जाते. ॲक्युपंक्चरमध्ये रक्त काढायचे नसते. दोन्ही ठिकाणी एक काळजी मात्र सारखीच घ्यायची: दुसऱ्यासाठी वापरलेले पाते किंवा सुई आपल्या अंगाला लागता कामा नये.

*'ची' वगैरे मानावे लागते का?* नाही. ती जुन्या चिनी लोकांची शरीर समजून घेण्याची भाषा आहे. काही फिजिओथेरपिस्ट तर हे मार्ग न मानता, फक्त आखडलेल्या स्नायूंच्या गाठींत अशाच सुया टोचतात. शिफा देणारा अल्लाह आहे आणि इलाज करणे हे आपले काम, एवढी समज पुरेशी आहे. कुणी इलाजासोबत मंत्र, तावीज किंवा ग्रहांचा हिशोब जोडू लागला, तर ते ॲक्युपंक्चर नव्हे.

*रोज्यात चालते का?* सुईतून अन्न, पाणी किंवा औषध काहीच शरीरात जात नाही. पोषण न देणाऱ्या इंजेक्शननेही रोजा तुटत नाही, असे आजच्या बहुतेक उलेमांचे मत आहे. तरीही आपल्या भागातल्या आलिमांना विचारून घ्यावे. वैद्यकीय बाजूने मात्र आमचा सल्ला वेगळा आहे. उपाशीपोटी सुया टोचल्या की काहींना चक्कर येते. म्हणून रमजानमध्ये वेळ घ्यायचीच असेल तर इफ्तारनंतरची घ्यावी, नाहीतर ईदनंतर सुरू करावे.

*वुजूचे काय?* सुई काढल्यावर बहुधा रक्त येत नाही, कधी एखादा टिपूस येतो. हनफी मतानुसार रक्त वाहिले तर वुजू तुटते, शाफई मतानुसार तुटत नाही. सोलापूरकडचे बहुतेक लोक हनफी आणि कोकणातले शाफई. ज्याने त्याने आपल्या मतानुसार वागावे.

*स्त्रियांच्या पडद्याचे काय?* नेहमी वापरले जाणारे बरेच बिंदू कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाली आहेत. बाही आणि सलवार थोडी वर घेतली तरी काम होते. कंबरेचे बिंदू वापरायचे असतील तर स्त्री चिकित्सक मागावी, सोबत घरातली एखादी बाई न्यावी. लाजेपायी इलाजच टाळणे बरोबर नाही.

जाण्यापूर्वी एवढे पाहा

केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे आणि त्याखाली राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: "आपली नोंदणी कुठे आहे? क्रमांक काय?" खरा चिकित्सक या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरे, सुया. प्रत्येक वेळी नवे, सीलबंद पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले पाहिजे आणि वापरलेल्या सुया बंद डब्यात गेल्या पाहिजेत. वापरलेली सुई पुन्हा वापरली तर काविळीचे विषाणू, हिपॅटायटीस बी आणि सी, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शिबिरातल्या गर्दीत हे विशेष पाहावे.

तिसरे, आपली माहिती लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, हृदयात पेसमेकर असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगावे. गरोदरपणात काही बिंदू टाळतात आणि पेसमेकर असेल तर विद्युतप्रवाह जोडत नाहीत. शुगरमुळे पायाची जाणीव गेली असेल तर तिथे सुई किंवा शेक नको. जखम झालेली कळत नाही आणि भरतही नाही. छाती-पाठीवर अडाण्याने खोल सुई घातली तर फुफ्फुसाला भोक पडू शकते. नंतर दम लागला तर लगेच दवाखाना गाठावा.

चौथे, हिशोब. किती बैठका, प्रत्येकीची फी किती, हे सुरुवातीलाच विचारावे. त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळवावी, मग ठरवावे. साधारण सहा ते दहा बैठका लागतात. पाच-सहा बैठकांनंतर दुखण्यात, झोपेत किंवा गोळ्यांच्या संख्येत काहीच फरक नसेल तर थांबावे. आगाऊ पॅकेजचे पैसे भरू नयेत. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याकडून उठून यावे.

सुई न लावता घरी करण्यासारखा एक उपाय सांगतो. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे वर, मधल्या दोन ताठ दोऱ्यांसारख्या नसांच्या बरोबर मधे एक बिंदू आहे. एसटीच्या प्रवासात मळमळू लागले तर तिथे दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाब द्यावा. उलटीसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेला बिंदू तोच आहे. दाबून पाहायला पैसा लागत नाही आणि अपायही नाही.

घरातला इलाज

सुयांनी कंबर महिनाभर हलकी झाली आणि बाई पुन्हा तशीच वाकून, तशीच उपाशी राहून, तशीच रात्री सगळ्यांच्या शेवटी झोपली, तर दुखणे परत येणारच. सर्वांगीण इलाज या शब्दाला अर्थ असेल तर तो घरापर्यंत आला पाहिजे. चुलीची उंची वाढवून उभ्याने स्वयंपाक करता येतो का ते पाहावे. पाण्याची घागर, गव्हा-ज्वारीचे पोते उचलण्याचे काम घरातल्या जवान पोरांनी करावे. विडी वळणारीने तासाला एकदा उठून पाच मिनिटे मान, खांदे मोकळे करावेत. कंबर आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावेत आणि रोज करावेत. जुनाट कंबरदुखीत व्यायामाचा सल्ला सगळेच तज्ज्ञ देतात. आणि ज्याला दुखते त्याला खुर्चीवर नमाजची सवलत धर्माने दिली आहे. ती घेताना मनात अपराध वाटू देऊ नये, पण ती घ्यावी लागू नये म्हणून वेळेवर इलाजही करावा.

जर्मनीतल्या त्या अभ्यासात बिंदू चुकवून सुया टोचलेल्या लोकांनाही आराम पडला होता. त्यांना मिळाले होते ते एवढेच: कुणीतरी नीट विचारले आणि अर्धा तास निवांत पडू दिले. आपल्या कितीतरी अम्मी, खाला, भाभी यांना वर्षानुवर्षे हे दोन्ही मिळालेले नाही. सुईसाठी सोलापूर-पुण्याला जायचे की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मात्र आज जेवणानंतर भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत, आणि अम्मीजवळ बसून विचारावे, "नेमकं कुठं दुखतंय? रात्री झोप लागते का? रोज किती गोळ्या घेता?" तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून बहुतेक घरांत धक्का बसेल. ते उत्तर कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या.

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना समज.